बेपत्ता विमानसैनिकांचा माग: मशीनगनच्या नंबरापासून भाकरीपर्यंत

ओझरच्या विमान कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, महत्त्वाच्या प्रत्येक भागावर नंबर असतो आणि तो कागदावर चढतो. ऐंशी वर्षांपूर्वी कोसळलेल्या विमानातली माणसं शोधताना हेच कागद कामी येतात.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा एकट्या ब्रिटिश हवाई दलाचे सुमारे ४२ हजार जण बेपत्ता होते. अमेरिकन दल बेपत्ता विमानामागे एक अहवाल भरायचं, त्यात इंजिनांचे आणि मशीनगनचे नंबर असत. त्यामुळे शेपूट जळून गेलं तरी एका बंदुकीवरून विमान ओळखता येतं. शेपटीवरचा नंबर वाचताना मात्र फसायला होतं, कारण त्यात दोन आकडी सालाचा पहिला आकडा गाळलेला असे. १९४२ सालचा, म्हणजे ४२ ने सुरू होणारा नंबर तिथे २ ने सुरू होतो.

अरुणाचलच्या डोंगरांत त्या युद्धात चीनला रसद नेणारी कितीतरी अमेरिकन विमानं पडली. गावकऱ्यांनी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून नेला, त्याची भांडी झाली. (आपल्या भांडीबाजारातल्या कारागिरानेही तो सोडला नसता.) पण पत्रा हलला की मूळ जागेचा पुरावाही हलतो.

जागा सापडली की दोरीने चौकोन आखतात आणि माती साधारण ६ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. चिकट माती असेल तर पाण्याचा फवारा मारावा लागतो. पावसाळी मुलखातली आम्लधर्मी माती हाडं खाऊन टाकते, दात मात्र टिकतात. हाडं एकमेकांत मिसळलेली असतात, म्हणून आधी मोजणी: उजव्या मांडीची दोन हाडं मिळाली, तर माणसं किमान दोन.

जुन्या हाडांत बहुधा आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनएच हाती लागतो. म्हणून नमुन्याला बहिणीचा मुलगा चालतो, पुतण्या चालत नाही. एवढंच काय, बेपत्ता माणसाचा स्वतःचा मुलगाही नाही. शिवाय हा डीएनए अनोळखी माणसांतही सारखा निघू शकतो.

हाडातला कार्बन आहार सांगतो. मका, ज्वारी, बाजरी यांत कार्बन-१३ चं (कार्बनच्या जरा जड प्रकाराचं) प्रमाण भात-गव्हापेक्षा जास्त असतं. त्या काळच्या अमेरिकन माणसाच्या पोटात मका आणि मक्यावर पोसलेलं मांस जायचं, म्हणून भातखाऊ मुलखात त्याचं हाड वेगळं उठून दिसतं. बागलाणातल्या भाकरी खाणाऱ्याचं हाडही तसंच दिसेल! अरुणाचलातही नाचणी खातात, त्यामुळे नुसत्या कार्बनवर निकाल देत नाहीत. दातांची जुनी नोंद जुळते का, तेही पाहतात.