गझल

गझल हा मूळचा अरबी शब्द, आणि गंमत म्हणजे अरबीत तो काव्यप्रकार नाहीच, विषय आहे. ग-झ-ल या धातूचा एक अर्थ सूत कातणं आणि दुसरा प्रेमाच्या गोष्टी करणं, लाडीगोडी लावणं. आजही अरबीत गझल म्हटलं की फ्लर्टिंग असाच अर्थ निघतो. जखमी हरणाच्या आर्त हाकेवरून हे नाव पडलं असं मुशायऱ्यात हमखास ऐकवतात, ऐकायला छानच वाटतं, आणि हरणासाठीचा अरबी शब्द त्याच अक्षरांचा आहे हेही खरं, पण कवितेचं नाव त्यावरून आलं याला भक्कम आधार नाही.

जुन्या अरबी कसिद्याच्या, म्हणजे लांबलचक कवितेच्या, सुरुवातीला प्रेयसीच्या आठवणींचा भाग असायचा, त्याला नसीब म्हणत. उमय्यद खलिफांच्या काळात अरबस्तानातल्या हिजाझमध्ये स्वतंत्र प्रेमकविता बहरली, मक्केचा उमर इब्न अबी रबिआ हे त्यातलं मोठं नाव. पण ओळी कशा बांधायच्या याचा नियम गझल या शब्दात अजून नव्हता.

तो आला फारसीत. सनाईपासून, म्हणजे बाराव्या शतकापासून, घाट पक्का होत गेला आणि सादी, रूमी, हाफिज यांनी तो कळसाला नेला. शेर म्हणजे दोन ओळींची जोडी. पहिला शेर मतला, त्याच्या दोन्ही ओळींत काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, पुढे प्रत्येक शेराच्या फक्त दुसऱ्या ओळीत, आणि शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव आलं तर तो मक्ता. उदाहरणार्थ ‘वाट होती, लाट होती, पहाट होती’ यात दरवेळी तसाच येणारा होती हा रदीफ, वाट-लाट-पहाट हे काफिये, आणि ट च्या आधीचा न बदलणारा ‘आ’ म्हणजे अलामत, त्यामुळे इथे ‘नीट होती’ चालणार नाही. हे सगळं व्याकरण झालं, खरी मेख वेगळीच आहे. प्रत्येक शेर स्वतःपुरता पूर्ण असतो, एकात प्रेम, पुढच्यात मरण, त्यानंतर देवाशी भांडण, आणि सगळ्यांना बांधून ठेवतो तो फक्त वृत्त आणि यमकाचा धागा.

तुर्कीत गझलचं गझेल झालं, फुझुलीसारखे कवी झाले, शिवाय गायकाने ताल सोडून केलेल्या आलापीलाही गझेलच म्हणू लागले. (तुर्कीत गझेल म्हणजे वाळून गळलेलं पानही, पण तो शब्द वेगळा.) जर्मनीत गटेने हाफिजचं भाषांतर वाचून १८१९ मध्ये आपला दिवान, म्हणजे कवितासंग्रह, काढला, त्यात यमकाचे नियम त्याने फारसे पाळले नाहीत, ते काम र्‍युकर्ट आणि प्लाटेन या जर्मन कवींनी केलं. स्पॅनिश कवी लोर्काच्या ‘गासेला’ तर नावापुरत्याच गझल.

उर्दूत गझल रुजायला दख्खनची मोठी मदत झाली, गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशाह आणि वली औरंगाबादी ही आधीची माणसं, मीर-गालिब नंतरचे.

मराठीत फारसीचे प्राध्यापक माधव जूलियन यांनी ती गंभीरपणे आणली, ते ‘गज्जल’ लिहायचे आणि १९३३ मध्ये त्यांचा ‘गज्जलांजलि’ आला. पण त्यांच्या बऱ्याच गज्जला एकाच विचाराच्या सलग कविता वाटतात, घाट आला पण शेराचा सुटेपणा तितका आला नाही. तो आणला सुरेश भटांनी. ‘रंग माझा वेगळा’ १९७४ चा, ‘एल्गार’ १९८३ चा, आणि नवोदितांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, जिच्यावर पुढच्या कितीतरी पोरांनी हात बसवला. भटांच्या गझलेत प्रेम आहेच पण समाजावरचा रागही तितकाच आहे, म्हणजे अरबी अर्थाने बघितलं तर त्यातले अर्धे शेर गझल ठरणारच नाहीत.

आणि हो, संथ चालीत गायलेलं प्रत्येक उदास गाणं गझल नसतं, रेकॉर्डवर तसं छापलं असलं तरी, काफिया-रदीफ तपासून बघा. विनोदी शेरांची गझल मात्र असते, तिला हझल म्हणतात.