डोन्चिच तिसरा का निवडला गेला? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

21 जून 2018 च्या रात्री ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट झाला. ड्राफ्टमध्ये संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात. फिनिक्सने पहिल्या क्रमांकावर डिआंद्रे एटनला घेतलं, सॅक्रामेंटोने दुसऱ्यावर मार्विन बॅगलीला. तिसऱ्या क्रमांकावर अटलांटाने लुका डोन्चिचचं नाव पुकारलं आणि लगेच त्याला डॅलसकडे सोपवलं. बदल्यात ट्रे यंग आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली एक निवड घेतली. डोन्चिच तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. स्लोव्हेनियाकडून युरोपचं विजेतेपद, रेआल माद्रिदकडून युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचं विजेतेपद आणि त्या लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, हे सगळं त्याच्या गाठीशी होतं.

तरीही आक्षेप होते, आणि ते ठरलेलेच होते. पायांत वेग नाही, उडी बेताची, अंगाने जड. युरोपातल्या संथ खेळात हे खपून जातं, अमेरिकेत बचाव करणारे त्याला श्वासही घेऊ देणार नाहीत. समर्थक त्याचे इस्तंबूलमधले, युरोपच्या विजेतेपदाचे सामने पुढे करायचे, विरोधक आधी फसलेल्या डार्को मिलिचिच या युरोपीय खेळाडूचं नाव घ्यायचे, आणि गाडी तिथेच अडायची. परदेशात चमकलेला तरुण एनबीएत टिकेल का, हा वाद डोन्चिचपासून सुरू झालेला नव्हता. तीस वर्षं तो वेगवेगळ्या खेळाडूंच्या नावाने चालू होता, आणि दर पिढीतल्या चाहत्यांनी आपापला एक चटका त्यात जमा करून ठेवला होता.

सुरुवात सोलपासून करावी लागते. 1988 च्या ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला 82-76 असं हरवलं. अमेरिका तेव्हा कॉलेजची मुलं पाठवत असे. सोव्हिएत संघात मधोमध उभा होता अर्विदास सबोनिस, सात फुटांहून उंच आणि तरी गार्डसारखे, म्हणजे खेळ रचणाऱ्या बुटक्या खेळाडूंसारखे, पास देणारा लिथुआनियन. पोर्टलंडने त्याला 1986 मध्येच 24 व्या क्रमांकावर निवडून ठेवलं होतं. तो प्रत्यक्षात तिथे पोहोचला 1995 मध्ये, टाचेच्या मोठ्या दुखापती सोसून, तिशी गाठल्यावर. तरुणपणीचा सबोनिस काय होता, हे अमेरिकी चाहत्याला कळायचा मार्ग म्हणजे ऑलिंपिकसारख्या स्पर्धांतले मोजके सामने. एवढ्यावरून माणसाची किंमत कशी करायची? वादाचं मूळ या तुटपुंज्या पुराव्यात आहे.

1989 मध्ये फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, एनबीएच्या खेळाडूंना आपल्या स्पर्धांची दारं उघडली. 1992 ला बार्सिलोनात एनबीएच्या ताऱ्यांचा अमेरिकेचा तो प्रसिद्ध संघ आला आणि तुलनेसाठी खरी फूटपट्टी मिळाली. पण तरुण परदेशी खेळाडूंच्या बाबतीत पुरावा तोकडाच राहिला. डर्क नोवित्स्की जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत, वुर्त्झबुर्गच्या संघाकडून खेळत होता. मार्च 1998 मध्ये सॅन अँटोनिओत अमेरिकेच्या निवडक शाळकरी खेळाडूंविरुद्ध जागतिक संघाचा एक सामना झाला. त्यात त्याने 33 गुण आणि 14 रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) घेतले. त्या एका संध्याकाळीने त्याचं आयुष्य बदललं. तीन महिन्यांनी तो नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि अदलाबदलीत डॅलसला पोहोचला.

एक सामना माणसाला वर नेतो, तसा एक क्षण खालीही ओढतो. न्यूयॉर्कने 1999 मध्ये फ्रान्सच्या फ्रेडरिक वेसला 15 व्या क्रमांकावर घेतलं होतं. पुढच्या वर्षी सिडनीत व्हिन्स कार्टरने चेंडू हिसकावला, दोन पावलं टाकली आणि 2.18 मीटर उंचीच्या वेसच्या डोक्यावरून उडी घेत डंक मारला, म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबला. फ्रेंच वृत्तपत्रांनी त्याला ‘मरणाचा डंक’ म्हटलं. त्याच स्पर्धेत फ्रान्सने रौप्यपदक जिंकलं, वेस त्या संघात होता, पण हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तो एनबीएत एकही सामना खेळला नाही. मला यात वेसवर अन्याय झाला असं वाटतं. त्याची सगळी कारकीर्द लोकांनी त्या दोन सेकंदांवरून ठरवून टाकली.

मग मिलिचिच. 2003 मध्ये लेब्रॉन जेम्सनंतर लगेच, दुसऱ्या क्रमांकावर, डेट्रॉइटने या अठरा वर्षांच्या सर्बियन मुलाला घेतलं. त्याच्या मागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड हे पुढे मोठे ठरलेले खेळाडू उरले होते. मिलिचिच बाकावर बसून राहिला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक युरोपीय मुलाच्या वाट्याला त्याचं नाव आलं. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मिलिचिचचा भाव वाढला तो मुख्यतः बंद दारांआडच्या चाचण्यांमधून. त्याची उंची, चपळाई आणि मऊ हात पाहून लोक भारावले होते. मोठ्या सामन्यांत मोठ्या माणसांविरुद्ध त्याने फारसं काही केलेलं नव्हतं. म्हणजे डोन्चिचच्या विरोधात जे उदाहरण सर्वांत जास्त वापरलं गेलं, ते नेमकं उलट्या जातीचं होतं. एकाकडे शरीर होतं आणि पुरावा नव्हता, दुसऱ्याकडे पुरावा होता आणि लोक शरीराबद्दल कुरकुरत होते.

रिकी रुबियोचं उदाहरण त्यामानाने रास्त होतं. सतरा वर्षांचा रुबियो 2008 मध्ये बीजिंगला ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध उतरला. स्पेन 118-107 असं हरलं, पण त्या पोराने चेंडू ज्या शांतपणे सांभाळला तो पाहून चाहते वेडे झाले. 2009 मध्ये मिनेसोटाने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं, दोन वर्षांनी तो आला, आणि चांगला खेळाडू ठरला. महान मात्र ठरला नाही, कारण लांबून चेंडू टाकण्यातली कमजोरी बीजिंगच्या झगमगाटात दिसली नव्हती. मोठ्या सामन्याच्या झगमगाटात उणिवा झाकल्या जातात, ही शंका डोन्चिचच्या वेळी कुणी काढली तर ती ऐकून घेण्यासारखी होती.

आता खुद्द डोन्चिच. त्याच्याबाबत ‘व्यावसायिक होण्याआधीची कामगिरी’ हा शब्दप्रयोगच मुळात चुकीचा आहे. वडील बास्केटबॉलपटू, लुब्लियानात जन्म, तेराव्या वर्षी माद्रिदला रवानगी. 30 एप्रिल 2015 रोजी, सोळा वर्षं आणि दोन महिन्यांचा असताना, तो रेआलच्या मुख्य संघाकडून स्पॅनिश लीगमध्ये उतरला आणि पहिलाच फटका तीन गुणांचा मारला. अमेरिकेत कॉलेजकडून खेळणाऱ्या मुलांना तेव्हा खेळण्याचा पगार घ्यायची मुभा नव्हती. हा मुलगा मात्र मुलंबाळं असलेल्या, घराचे हप्ते फेडणाऱ्या पुरुषांसोबत रोज सराव करत होता.

2017 च्या युरोबास्केटला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या अजिंक्यपद स्पर्धेला, तो अठरा वर्षांचा होता. स्लोव्हेनिया हा नागपूर शहराहूनही कमी लोकसंख्येचा देश. हेलसिंकीच्या गटापासून इस्तंबूलच्या अंतिम सामन्यापर्यंत त्यांनी नऊच्या नऊ सामने जिंकले. उपउपांत्य फेरीत लाटव्हियाच्या क्रिस्टाप्स पोर्झिंगिसने 34 गुण केले, डोन्चिचने 27 गुण आणि 9 रिबाउंड, आणि स्लोव्हेनियाने 103-97 असा सामना काढला. दोन दिवसांनी गतविजेत्या स्पेनविरुद्ध, पाऊ आणि मार्क हे दोघे गासोल बंधू समोर असताना, त्याने 11 गुण, 12 रिबाउंड आणि 8 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) केले. निकाल 92-72. अंतिम सामन्यात सर्बियाविरुद्ध तिसऱ्या सत्रात त्याचा घोटा दुखावला आणि तो बाहेर गेला. उरलेला सामना त्याने बाकावरून पाहिला. गोरान द्रागिचने 35 गुण करून संघ तोलून धरला होता. शेवटी तोही थकून बसला, तेव्हा क्लेमेन प्रेपेलिच उभा राहिला आणि 93-85 ने सुवर्णपदक आलं.

या शेवटावरूनच वाद पेटला. सर्वोत्तम खेळाडू द्रागिच, निर्णायक क्षणी डोन्चिच कोर्टवर नाही, मग श्रेय कसलं? शिवाय स्पर्धेतली सरासरी 14.3 गुण. कॉलेजात बॅगली 21 गुण करत होता. आकडे शेजारी शेजारी ठेवले की बॅगली मोठा वाटतो, आणि फसगत इथेच होते. युरोपच्या मोठ्या क्लबांत दहा-बारा कसलेले खेळाडू असतात, प्रशिक्षक मिनिटं वाटून देतो. डोन्चिच युरोलीगमध्ये सुमारे 26 मिनिटांत 16 गुण करत होता. फिबाच्या नियमांत बचाव करणारा उंच माणूस बास्केटखाली हवा तेवढा वेळ ठाण मांडू शकतो. एनबीएत त्याला तीन सेकंदांत हलावं लागतं. म्हणजे आत घुसणाऱ्यासाठी युरोपातली वाट जास्त अरुंद होती, अमेरिकेत ती रुंद होणार होती. पहिल्याच मोसमात त्याची सरासरी 21.2 गुणांवर गेली आणि 2019 चा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला.

ड्राफ्टच्या रात्रीचे धागे आजही चकित करतात. फिनिक्सचा नवा प्रशिक्षक होता इगोर कोकोश्कोव, ज्याने इस्तंबूलमध्ये स्लोव्हेनियाला सुवर्ण जिंकून दिलं होतं. फिनिक्सची निवड मात्र शेजारच्याच अ‍ॅरिझोना विद्यापीठातला एटन. सॅक्रामेंटोचा कारभार पाहत होता व्लादे दिवाच, स्वतः सर्बियन, आणि संघाचे मालक होते मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. याच सॅक्रामेंटोने ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध दोन सामने खेळले, भारतात झालेले एनबीएचे पहिले सामने. डोन्चिच तेव्हा तिथे किंग्जच्या, म्हणजे सॅक्रामेंटोच्या, जर्सीत असता, हा विचार ते सामने पाहताना माझ्या मनातून गेला नाही.

डॅलसकडे निर्णय घेणाऱ्यांत डॉनी नेल्सन होते. 1992 ला बार्सिलोनात ते सबोनिसच्या लिथुआनियाचे सहायक प्रशिक्षक होते. तिथे त्या नव्या देशाने कांस्य जिंकलं. नोवित्स्कीला आणणाऱ्यांतही तेच, आणि 2015 मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगला 52 व्या क्रमांकावर निवडणारा संघही डॅलसच. सतनाम एनबीएत खेळू शकला नाही. बाहेर बघणाऱ्यांचा अंदाजही चुकतो, पण ते बघतात तरी.

जुलै 2021 मध्ये रिगाला 19 वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बान्यामाने 22 गुण, 8 रिबाउंड आणि 8 ब्लॉक (हवेतच अडवलेले फटके) केले, पाच फाउल होऊन शेवटच्या मिनिटांत बाहेर बसला, आणि अमेरिका 83-81 ने जिंकली. सर्वोत्तम खेळाडू ठरला अमेरिकेचा चेट होल्मग्रेन. पुन्हा तोच प्रसंग: पोरगा बाकावर, निर्णायक क्षण दुसऱ्यांचा. या वेळी चाहते त्या आठ ब्लॉकबद्दल बोलत राहिले. 2023 मध्ये सॅन अँटोनिओने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा मिलिचिचचं नाव मला कुठेच ऐकू आलं नाही.