दोन चमचे पाण्याचा गारठा

मे महिन्यात आभाळ भरून आलं आणि संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटली, की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो. उद्या पहाटेपासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, याला 'अल्फेलियन' (खरा शब्द अ‍ॅफेलियन) म्हणतात, ऑगस्टपर्यंत गारठा राहील, सर्दी-खोकला वाढेल, काळजी घ्या. पाठवणारे काका काळजीपोटीच पाठवतात. म्हणूनच एकदा यावर नीट लिहायचं ठरवलं.

पृथ्वी सूर्यापासून लांब जाते हे खरं आहे. दर वर्षी जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, म्हणजे सुमारे 15 कोटी 21 लाख किलोमीटरवर असते, आणि जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ, सुमारे 14 कोटी 71 लाख किलोमीटरवर. फरक साधारण तीन टक्क्यांचा. निरोपात मात्र एरवीचं अंतर 9 कोटी किलोमीटर असल्याचं ठोकून दिलेलं असतं. 9 कोटींच्या घरातला आकडा मैलांचा आहे. मैलांना किलोमीटर म्हटलं की पृथ्वी एकदम दीडपटीहून लांब गेल्यासारखी वाटते आणि भीती तिथून सुरू होते. आपल्याला हुडहुडी भरते त्या जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. सूर्यापासूनचं अंतर सगळ्या जिल्ह्यांना सारखंच असतं. मग त्याच संध्याकाळी वर्ध्याकडे पारा अर्ध्या तासात पंधरा-सतरा अंश उतरतो आणि दादरला नुसती चिकचिक वाढते, हे कसं?

वर्ध्याजवळ आत्याच्या घरी गच्चीवर मी हे जवळून पाहिलं आहे. दुपारचे साडेतीन. कुरोड्या कडकडीत वाळलेल्या, चपलेखालची फरशी पोळणारी. पश्चिमेला ढगाचा उंच मनोरा, खालून काळाभोर. त्या काळ्या पोटातून पावसाच्या झालरी लोंबत होत्या, पण जमिनीपर्यंत पोचत नव्हत्या, मध्येच विरत होत्या. मग गरम वारा एकदम पडला. पानही हलेना. दोनेक मिनिटांत शेतांवरून धुळीची भिंत धावत आली आणि तिच्यासोबत आला थंडगार वारा, फ्रिजचं दार उघडल्यासारखा. "वादळ येऊन रायलं रे, कुरोड्या उचल आधी!" आत्या जिन्यातून ओरडत होती. आमच्या गच्चीवर पाऊस पडला तो मोजून वीस-पंचवीस टपोरे थेंब. गारवा मात्र रात्रभर टिकला.

पाऊस पडलाच नाही, तर गारवा आला कुठून? तो त्या विरणाऱ्या झालरींतून आला.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, हे आपण सातवी-आठवीत शिकतो. माठातलं पाणी गार होतं ते त्यामुळेच. पण किती उष्णता लागते, हे आकड्यात पाहिलं की थक्क व्हायला होतं. एक किलो हवा म्हणजे साधारण एका पाण्याच्या मोठ्या पिंपात मावेल त्याच्या चौपट-पाचपट हवा. तिच्यात फक्त एक ग्रॅम पाणी वाफ होऊन मिसळलं, तर ती हवा सुमारे अडीच अंशांनी थंड होते. म्हणजे 44 अंशांची हवा 22 अंशांवर आणायला किलोमागे नऊ-दहा ग्रॅम पाणी पुरतं. चहाचे जेमतेम दोन चमचे. उन्हाळ्यातला तो सगळा गारठा या दोन चमच्यांचा आहे.

अट एकच. हवेने ते पाणी प्यायला हवं, आणि ती पिते ती कोरडी असेल तरच. हवा किती पिऊ शकते हे मोजायची जुनी, साधी युक्ती आहे. दोन सारखे तापमापक घ्यायचे, एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळायची आणि तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडायचं. हवामान केंद्रांवरच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत हीच जोडी असते. कोरडा फुगा हवेचं तापमान सांगतो. ओला फुगा सांगतो की पाणी पाजून पाजून ही हवा जास्तीत जास्त किती थंड करता येईल.

आता नागपूर आणि मुंबईची तुलना करा. नागपुरात मेच्या दुपारी 44 अंश आणि आर्द्रता 12 टक्के असेल, तर ओला फुगा 22 अंशांच्या आसपास असतो. मुंबईत 34 अंश आणि आर्द्रता 65 टक्के असेल, तर ओला फुगा 28 अंशांच्या वर. जे शहर दहा अंशांनी जास्त तापलं आहे, त्याच्याच हवेत मुंबईपेक्षा सहा अंश खाली उतरण्याची ताकद दडलेली आहे! मुंबईच्या हवेने आधीच समुद्राचं पाणी पोटभर प्यायलेलं असतं. तिला अर्धा चमचा पाजला की ती भरली. विदर्भात घरोघरी वाळ्याचे कूलर लागतात आणि मुंबईत तेच कूलर लावले तर भिंतींना ओल येते, त्याचं कारण हेच. वळवाचा ढग हा आभाळातला कूलर आहे आणि तो कुठे चालेल, कुठे नाही, हे ओला फुगा आधीच सांगून ठेवतो.

एक शंका इथे यायला हवी. पाऊस हवेत विरतो तो दोन-तीन किलोमीटर उंचीवर. तिथे गार झालेली हवा खाली येताना पुन्हा तापत नाही का? तापते. खाली दाब जास्त असतो, हवा आक्रसते आणि आक्रसताना तापते. सायकलच्या पंपाची नळी गरम होते तशी. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की जवळजवळ दहा अंशांनी तापते. तीन किलोमीटरवरची 15 अंशांची हवा कोरडीच उतरली, तर जमिनीवर येईतो 44 अंशांची झालेली असेल. हाती काहीच लागणार नाही. पण ती एकटी उतरत नाही, पावसाचे थेंब सोबत घेऊन उतरते. दाबाने तापू लागली की थेंबांची आणखी वाफ होते आणि ती वाफ उष्णता खेचून घेते. त्यामुळे दर किलोमीटरला दहाऐवजी पाचेक अंशच वाढतात. थेंबांच्या वाफेने ती वरच दहा अंशांच्या आसपास आलेली असते; थेंब जमिनीपर्यंत पुरले तर तीच हवा 25 अंशांच्या आसपास खाली पोचते. भोवतालच्या 44 अंशांच्या हवेपेक्षा ती कितीतरी जड असते, म्हणून दगडासारखी कोसळते, जमिनीवर आपटते आणि सांडलेल्या दुधासारखी चहूकडे पसरते. धुळीची भिंत म्हणजे या पसरणाऱ्या थंड हवेची कड. ही कड मूळ ढगापासून कित्येक किलोमीटर दूर पळते. म्हणून ज्या गावात थेंब पडला नाही, तिथेही पारा उतरतो, आणि शेजारच्या तालुक्यात, जिथे कड पोचलीच नाही, तिथे लोक घामाने निथळत बसलेले असतात. गोठ्यांचे पत्रे उडतात, केळीच्या बागा आडव्या होतात, तेही बहुधा या कडेच्या वाऱ्यानेच. तो गार झोत अंगावर आला की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. वीज मागोमाग येते.

गारपिटीचं गणितही ओल्या फुग्याशीच जोडलेलं आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण साडेचार-पाच किलोमीटरवर असते. तिच्या खाली आलेली गार लगेच वितळू लागेल असं वाटतं. पण कोरड्या हवेत गारेवरच्या पाण्याच्या पातळ थराची वाफ होत राहते आणि ती वाफ गारेला गारच ठेवते. वितळायला सुरुवात होते ती ओल्या फुग्याचं तापमान शून्याच्या वर गेल्यावर, आणि कोरड्या हवेत ही पातळी शेकडो मीटर खाली असते. कोकणात दमट, उबदार हवेचा जाड थर पार करताना बहुतेक गारांचं पाणी होऊन जातं. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने जी पिकं झोपवली ती मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रातली.

सगळा उन्हाळी गारवा असाच येतो, असं मात्र नाही. महाबळेश्वर थंड असतं ते उंचीमुळे. मुंबईत पारा ठरतो तो दुपारी खारा वारा किती वाजता सुटतो यावर. मार्चमध्ये पूर्वेचा वारा त्याला अडवून धरतो तेव्हा शहर 38-40 अंशांवर जातं. आणि 2025चा मे तर वेगळाच होता. अरबी समुद्रातल्या कमी दाबामुळे दिवसेंदिवस आभाळ झाकलेलं राहिलं, ऊन जमिनीवर पोचलंच नाही. मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला; मुंबईची नेहमीची तारीख 11 जून आहे. कुलाब्याला मेच्या पावसाचा 1918 सालचा विक्रम मोडला. कोकणाला गारवा मिळाला तो सूर्य झाकल्यामुळे, कूलरमुळे नव्हे.

त्याच दिवसांत विदर्भात चर्चा होती नवतप्याची. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की 25 मेपासूनचे नऊ दिवस तापलेच पाहिजेत, ते भिजले तर पुढे पाऊस कमी पडतो, अशी समजूत. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आभाळ वाचलं आहे आणि त्या निरीक्षणाबद्दल मला आदर आहे. पण त्यावर बियाणं घ्यायचं की नाही हे ठरवणं धोक्याचं आहे. 2025चा नवतपा भिजला, आणि पुढच्या चार महिन्यांत देशात सरासरीच्या 108 टक्के पाऊस झाला. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पिकं पाण्याखाली गेली.

आणखी एक प्रश्न हल्ली फार विचारला जातो: मेमध्ये स्वेटर घालावा लागतो, मग तापमानवाढ गेली कुठे? याचं उत्तर मला आत्याच्या गच्चीवर मिळालं होतं. मी पुण्याहून दोन तापमापक नेले होते आणि जिन्याच्या सावलीत टांगले होते, एक कोरडा, एक ओल्या चिंधीचा. वादळाआधी कोरडा 43वर होता, ओला 22वर. धूळ खाली बसल्यावर पुन्हा पाहिलं. कोरडा 26वर आला होता. ओला होता 21वर, जेमतेम एक अंश सरकलेला. म्हणजे सतरा अंशांची ती उष्णता कुठे गेलीच नव्हती. ती वाफ होऊन त्याच हवेत बसली होती, आमच्या भोवतीच. आत्याने बोटाने दाबून पाहिलं, दुपारी कडकडीत वाळलेल्या कुरोड्या घरात आणूनही मऊ पडल्या होत्या.