मॅक्रो फोटोग्राफीतलं डेप्थ ऑफ फील्डचं नियंत्रण

मॅक्रो फोटोत पुढून मागे किती जाडीचा भाग शार्प यावा आणि तो नेमका कुठे पडावा हे ठरवायच्या सगळ्या युक्त्या या सदरात येतात. बोलताना सगळे डीओएफच म्हणतात, इथेही तेच वापरलंय. मॅक्रो म्हणजे साधारण १:१ मॅग्निफिकेशन, सेन्सरवरची प्रतिमा वस्तूएवढीच मोठी. हल्ली १:२ ला पण मॅक्रो म्हणतात, लेन्सच्या जाहिरातींत तर त्याहून कमीलाही. लँडस्केपमध्ये डीओएफ मीटरमध्ये मोजतात, इथे मिलिमीटरच्या आत-बाहेर असतो. माशीच्या डोळ्यावर फोकस लावला तर डोळ्याची जाळी खणखणीत येते आणि त्याच डोक्यावरचे मागचे केस धुरकट होतात.

गणित असं की एफ-नंबर (लेन्समधलं भोक, म्हणजे अपर्चर, किती बारीक याचा आकडा; आकडा मोठा तितकं भोक बारीक) आणि सर्कल ऑफ कन्फ्युजन (सेन्सरवर जेवढी धूसर चकती डोळ्याला अजून बिंदूच वाटते तिचा व्यास) यांच्या गुणाकाराची दुप्पट करायची, तिला मॅग्निफिकेशन अधिक एकने गुणायचं आणि मॅग्निफिकेशनच्या वर्गाने भागायचं. फुल फ्रेमसाठी, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरसाठी, सर्कल ०.०३ मिमी धरला तर १:१ ला एफ/८ वर डीओएफ जेमतेम ०.९६ मिमी येतो, १:२ ला तोच २.८८ मिमी, आणि ५:१ ला एफ/२.८ वर ०.०४ मिमी. हा ०.०३ चा आकडा मध्यम आकाराची प्रिंट हातभर अंतरावरून बघायच्या हिशोबातला आहे, त्यामुळे स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून बघणाऱ्याला प्रत्यक्षात याहून कमीच शार्प दिसणार. शिवाय लेन्सची पुढची आणि मागची प्युपिल, म्हणजे पुढून आणि मागून दिसणारं अपर्चरचं भोक, सारख्या मापाची नसली, उदाहरणार्थ वाइड लेन्स उलटी लावली, तर सूत्रात आणखी एक गुणक घालावा लागतो.

सूत्रात फोकल लेंग्थ नाहीच. मॅग्निफिकेशन आणि एफ-नंबर तेच असेल तर ६० मिमी काय नि १८० मिमी काय, डीओएफ जवळपास तेवढाच, तरी लांब लेन्सने डीओएफ कमी होतो असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. लांब लेन्समध्ये बॅकग्राउंडचा छोटासाच तुकडा फ्रेममध्ये येतो आणि तो मोठा होऊन जास्त विरघळलेला दिसतो, गैरसमज तिथून होतो.

अपर्चर बारीक केलं की डीओएफ वाढतो इतकं सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण मॅक्रोत त्याला लवकरच मर्यादा पडते. लेन्स सेन्सरपासून पुढे सरकली की प्रत्यक्षातला एफ-नंबर वाढतो, छापील आकड्याला मॅग्निफिकेशन अधिक एकने गुणायचं, म्हणजे १:१ ला एफ/११ चा खरा एफ/२२ झाला. हिरव्या प्रकाशात एफ/२२ ला डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, एका बिंदूची साधारण ०.०३ मिमीची चकती होते, म्हणजे वर धरलेल्या सर्कलएवढीच, आणि छापील एफ/१६ ला ती ०.०४३ मिमीपर्यंत जाते. तिथून पुढे डीओएफ कागदावर वाढतो पण जो भाग फोकसमध्ये आहे तोच मऊ पडतो. म्हणून १:१ ला एफ/८ ते एफ/११ वर थांबायचा सल्ला बहुतेक जण देतात आणि तो योग्यच वाटतो, मात्र एका फ्रेममध्ये जिवंत किडा पकडायचा असेल तर एफ/१६ चा मऊपणा चालवून घेणारेही आहेत. निकॉनचे बॉडी मॅक्रो लेन्स लावल्यावर हा प्रत्यक्षातला आकडाच दाखवतात, कॅनन छापील दाखवतो, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांची सेटिंग्ज शेजारी ठेवून तुलना करताना घोळ होतो.

दुसरा मार्ग फोकसचं प्रतल, म्हणजे जिथे सगळं शार्प येतं ती सपाट पातळी, फिरवायचा. साधा प्रकार म्हणजे सेन्सर फुलपाखराच्या मिटलेल्या पंखाला समांतर धरायचा, मग अर्धा मिलिमीटर पण पुरतो. टिल्ट लेन्सने, म्हणजे सेन्सरशी कोन करून वाकवता येणाऱ्या लेन्सने, प्रतल तिरकं करता येतं. लेन्स वाकवली की फोकसचं प्रतलही झुकतं या नियमाला ऑस्ट्रियन लष्करातल्या कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लुगचं नाव आहे, त्याचं ब्रिटिश पेटंट १९०४ चं, हवाई फोटोंमधला तिरकेपणा काढायच्या यंत्राबद्दलचं. पण त्याने स्वतःच ज्यूल कार्पेंतिएच्या १९०१ च्या पेटंटचा आधार दिलाय, हा कार्पेंतिए म्हणजे ल्युमिएर बंधूंचा सिनेमाटोग्राफ बनवून देणारा. तेव्हा नियमाचं श्रेय कार्पेंतिएला आणि त्याची पद्धतशीर मांडणी शाइम्पफ्लुगची म्हणणं जास्त रास्त. टिल्टने शार्प पट्टा जाड होत नाही, फक्त हवा तिथे झुकतो, नि उभ्या पुंकेसरांच्या झुबक्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

तिसरा मार्ग फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम काढायच्या आणि प्रत्येकीतला शार्प भाग जोडायचा. सुरुवात कोणापासून धरायची यावर एकमत नाही. १९६० च्या दशकात डॅन मॅकलॅक्लनने प्रकाशाच्या पातळ पात्यातून वस्तू हळूहळू सरकवत फिल्मवर एकाच लांब एक्स्पोजरमध्ये सगळी खोली शार्प आणली, काही जण तिथून मोजतात. पण त्यात वेगवेगळ्या फ्रेम नाहीतच, फोकसबाहेरचा भाग अंधारात ठेवलेला असतो. १९७२ मध्ये गेर्ड हॉयस्लरने फोकस सरकवत सगळ्या प्रतिमा एकावर एक मिळवल्या आणि नंतर फिल्टरने धूसरपणा काढला. प्रत्येक जागी कुठल्या फ्रेममधला पिक्सेल घ्यायचा याची निवड १९८३ च्या पीपर आणि कॉर्पेल यांच्या कामात आहे, नि आजच्या स्टॅकिंगचं मूळ तिथे धरणं जास्त पटतं. पुढे कम्बाइनझेड, हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर ही सॉफ्टवेअर आली, फोटोशॉपमध्ये ही सोय २००८ च्या सीएस४ पासून, आणि ओलिंपसने २०१५ मध्ये कॅमेऱ्यातच जोडणी देऊन टाकली.

दोन फ्रेममधलं अंतर डीओएफपेक्षा कमी हवं, नाहीतर मध्ये धूसर पट्टे राहतात. १:१ ला एफ/५.६ वर डीओएफ ०.६७ मिमी, त्यात तीसेक टक्के ओव्हरलॅप धरला तर पायरी ०.४५ मिमीच्या आसपास, आणि ६ मिमी खोल भुंग्याला चौदा-पंधरा फ्रेम लागतात. १:१ पर्यंत लेन्सची रिंग फिरवून काम भागतं, त्यापुढे कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवणारी रेल बरी असं बहुतेकांचं मत. एकमेकांवरून जाणारे केस ही खरी डोकेदुखी, झिरीनची पीमॅक्स पद्धत ते नीट सोडवते पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते, तिचीच डीमॅप पद्धत पोत जपते पण केसांच्या कडेला प्रभावळ सोडते, शेवटी बरेच जण दोन्ही काढून हाताने रिटच करतात. किड्याने मधेच मिशी हलवली तर स्टॅकमध्ये दोन मिशा दिसतात.

मुद्दाम डीओएफ कमी ठेवून रंगांचे डाग उरवायची शैलीही आहे, पण तो आवडीचा भाग झाला. मायक्रोस्कोपचं १० एक्स ऑब्जेक्टिव्ह कॅमेऱ्याला लावलं तर ०.२५ न्यूमेरिकल अपर्चरला (ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून प्रकाश घेतं त्याचा आकडा) डीओएफ सुमारे ९ मायक्रॉन येतो, आत सहसा आयरिस, म्हणजे अपर्चर लहान-मोठं करणारी पाती, नसतो, त्यामुळे अपर्चरचा पर्याय संपतो आणि मोटारवर चालणारी रेल लावून शेकडो फ्रेमचा स्टॅक करावा लागतो.