कुजक्या अंड्याचा वास आणि मोबाइलवरचा हिरवा रंग

डिसेंबरातली रात्र. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीहून भोसरीकडे येताना एका वळणावर भसकन कुजक्या अंड्याचा वास नाकात शिरला. मागे बसलेला भाचा म्हणाला, "मामा, मोबाइल तर हवा 'समाधानकारक' दाखवतोय."

दोघंही खरंच सांगत होते, मोबाइलही आणि नाकही. हवेचा निर्देशांक आठ घटकांवरून काढतात. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो त्या आठांत नाही. 2009 च्या राष्ट्रीय मानकांत बारा घटक आहेत, त्यातही नाही. अमोनिया आहे, पण त्याची घनमीटरला 400 मायक्रोग्रॅमची मर्यादा 24 तासांच्या सरासरीची. भपकारा दहा मिनिटांत येऊन जातो. दिवसात अशी दहा-दहा मिनिटं 144, म्हणजे तेवढ्यांत वाटला की आकडा पार विरघळतो. नाक सरासरी काढत बसत नाही, त्याला एक श्वास पुरतो.

कायद्याचंही तसंच. हवा प्रदूषणाचा कायदा 1981 चा. 1987 मध्ये दुरुस्ती करून त्याच्या व्याख्येत आवाजसुद्धा घातला; वासाचं नाव मात्र आलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2008 मध्ये दुर्गंधीवर मार्गदर्शिका काढली, पण मार्गदर्शिका म्हणजे मानक नव्हे.

मानक ठरवणं अवघड आहे, हे मान्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या मार्गदर्शक आकड्यांत हायड्रोजन सल्फाइडची आरोग्यासाठीची मर्यादा घनमीटरला 150 मायक्रोग्रॅम आहे, 24 तासांची. वासाचा त्रास होऊ नये म्हणून? अर्ध्या तासाला 7. म्हणजे तब्येतीला अपाय होण्याच्या बऱ्याच आधी माणूस खिडक्या लावून घेतो. त्यात हवेतलं प्रमाण निम्म्यावर आणलं तरी नाकाला वास निम्मा झालासा वाटत नाही. कारखानदार म्हणतो "एवढा खर्च केला", शेजारी म्हणतात "काही फरक नाही", आणि दोघांचंही बरोबर असतं.

म्हणून वास मोजायला शेवटी माणसाचंच नाक लागतं. जपानमध्ये 1971 पासून दुर्गंधीचा स्वतंत्र कायदा आहे. तिथे तीन पिशव्या हुंगायला देतात. दोन पिशव्यांत शुद्ध हवा, एकीत पातळ केलेला नमुना. वासाची पिशवी ओळखता येईनाशी होईपर्यंत नमुना पातळ करत जायचा. युरोपातल्या पद्धतीत हुंगणाऱ्यांची आधी ब्युटेनॉल या वासाच्या रसायनावर परीक्षा होते, आणि गंमत म्हणजे बोथट नाकवाल्यांबरोबर फार तीक्ष्ण नाकवाल्यांनाही घरी पाठवतात.

आपल्याकडे तोवर काय? हा वास बरेचदा धुराड्यातून येतच नाही. तो सांडपाण्याच्या टाकीतून येतो. टाकीत हवा फुंकणारा ब्लोअर बंद पडला, की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि जिवाणू सल्फेटवर जगू लागतात. त्यातून सल्फाइड तयार होतं. पुढचा खेळ पीएचचा, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली हे सांगणाऱ्या मापाचा. पीएच 7 ला सल्फाइडचा साधारण निम्मा भाग वायू म्हणून सुटायला तयार असतो, 8 ला दहावा हिस्सा, 9 ला शंभरावा. स्क्रबरमध्ये, म्हणजे वायू धुणाऱ्या यंत्रात, पीएच वर ठेवणारं कॉस्टिकचं पाणी फिरवतात ते याचसाठी. कॉस्टिक संपलं तरी पंप फिरत राहतो, दिवा हिरवाच राहतो, आणि वायू अंघोळ करून बाहेर पडावा तसा सरळ निघून जातो.

यावर रात्रीची साथ. हिवाळ्यात जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवाही. वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि डोंगरांमधल्या आपल्या शहरात वास खालीच कोंडतो. सकाळी ऊन चढलं की झाकण उघडतं. तक्रार रात्री अकराची, पाहणी दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची. तोवर तिथे फक्त चहाचा वास. तक्रारीत वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिली, तर निदान कोणत्या टाकीची नोंदवही मागायची हे तरी कळतं.

अशी एक वही मी एका कारखान्यात पाहिली आहे. स्क्रबरचा पीएच, महिन्याचे एकतीस दिवस, रोज तीन पाळ्या: 9.2, 9.2, 9.2. सगळे आकडे एकाच निळ्या पेनाने लिहिलेले.