तेराव्यानंतर विषय काढू नये, हा समज

तेरावे झाले की सासऱ्यांचा विषय बायकोपुढे काढू नये, जखम पुन्हा चिघळते, असा सल्ला परभणी-नांदेडकडे जावयाला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. ती वडिलांना विसरलेलीच नसते, इतरांच्या गप्प राहण्याने फक्त एकटी पडते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडल्याप्रमाणे शोकाकुल माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांत ये-जा करीत राहतो. म्हणून सकाळी सोयाबीनच्या भावावर बोलणारी बायको संध्याकाळी वडिलांच्या धोतराची घडी घालताना रडली, तर त्यात वावगे काही नाही. अशा वेळी त्यांच्याविषयी आपणहून विचारावे, आणि वारसनोंदीसाठी तलाठ्याकडचे हेलपाटे स्वतः मारावेत. झोप-जेवण महिनोन्महिने बिघडलेलेच राहिले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.