झाडछाटणीचा धंदा: परवानगी सोसायटीची, करवत तुमच्या हातात

‘वॉर्डात बोलणं झालंय, तुम्ही सुरू करा.’ हे वाक्य ऐकलं की मी मशीन गाडीतून उतरवतच नाही. आधी कागद बघतो, मग झाड. या सवयीमुळे काही गिऱ्हाइकं रागावून दुसऱ्याकडे गेली. जाऊ देत.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना वाटतं, की परवानगी ही झाडमालकाची भानगड आणि आपण फक्त मजुरी करतो. कायदा तसं मानत नाही. परवानगीशिवाय झाड तोडायचं नाही हे बंधन मालकापुरतं नाही, ते सगळ्यांना आहे. आणि शेजारच्या बिल्डिंगमधून कुणी मोबाइलवर शूटिंग केलं, तर त्यात सेक्रेटरी दिसत नाहीत, झाडावर चढलेला आपला माणूस दिसतो. म्हणून अर्ज कुणी करायचा, त्याला काय काय जोडायचं आणि हातात आलेल्या कागदात काय वाचायचं, हे आपल्यालाच पाठ हवं.

शहरातलं झाड

महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975’ लागू होतो. त्याखाली वृक्ष प्राधिकरण असतं आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. आपला संबंध येतो तो बहुतेक वॉर्डातल्या किंवा प्रभागातल्या उद्यान विभागाशी. झाड स्वतःच्या बंगल्याच्या आवारात असलं तरी सुटका नाही, खासगी जागाही यातच येते. शिवाय या कायद्यात ‘तोडणं’ म्हणजे फक्त बुंध्यापासून आडवं करणं नव्हे. जाळणं, कापणं, कोणत्याही तऱ्हेनं इजा करणं, हे सगळं त्यात धरलेलं आहे. छाटणीच्या नावाखाली शेंडा उडवून नुसता खांब उभा ठेवणारे ठेकेदार ही ओळ कधीच वाचत नाहीत.

अर्ज मालकानं किंवा भोगवटादारानं करायचा. सोसायटी असेल तर सेक्रेटरी किंवा अध्यक्षांच्या सहीनं, लेटरहेडवर किंवा पालिकेच्या छापील अथवा ऑनलाइन नमुन्यात. आपण मसुदा लिहून द्यावा, सही मात्र त्यांचीच. सोबत लागणाऱ्या कागदांची यादी पालिकेगणिक थोडी बदलते, पण जागेचा पुरावा (प्रॉपर्टी कार्ड, सातबारा किंवा मालमत्ता कराची पावती), व्यवस्थापक समितीचा ठराव, झाडांचे फोटो, झाड कुठे आहे ते दाखवणारा साधा नकाशा आणि झाडांची जात व संख्या, एवढं तयार ठेवलं की खेटे कमी पडतात. बांधकामासाठी झाड जाणार असेल तर मंजूर नकाशाही लागतो. तो मामला वेगळा आणि लांबणारा. छोट्या ठेकेदारानं त्यात आर्किटेक्टला पुढे करावं.

अर्ज अडतात ते ‘कारण’ या रकान्यात. ‘झाड फार वाढले आहे, पानांचा कचरा होतो’ एवढंच लिहिलं तर पाहणीला येणारा माणूस कंटाळून जातो, आणि त्यात त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘बी विंगच्या पूर्वेला गुलमोहर, बुंध्याचा घेर 5 फूट, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर ढोली, तिच्या वरची फांदी पार्किंगवर झुकलेली, फांदीच्या बेचक्यात भेग.’ भेगेचा फोटो जवळून, आणि झाड व इमारत एकत्र दिसतील असा दुसरा लांबून. घेर जमिनीपासून छातीच्या उंचीवर टेपनं मोजा, डोळ्यानं अंदाज नको. एवढं लिहिलेलं असलं की पाहणीला आलेल्या माणसाला खाली उभं राहूनही फांदी सापडते.

छाटणीची परवानगी त्यामानानं लवकर मिळते. पूर्ण तोडीचं प्रकरण असलं की वेळ धरून चाला. त्यात पाहणी होते, झाडावर नोटीस चिकटवली जाते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि लोकांच्या हरकती मागवल्या जातात. परवानगी मिळाल्यावरही 15 दिवस झाडाला हात लावता येत नाही. 2019 मध्ये मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेल्या आरेतल्या झाडांवरून जो वाद पेटला, त्यात या 15 दिवसांचा मुद्दाही होता. गिऱ्हाइकाला हे कोटेशन देतानाच सांगा, नाहीतर कागद हातात पडलेल्या संध्याकाळीच ‘उद्या या’ असा फोन येतो.

2021 च्या दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी आल्या. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हे वारसा वृक्ष ठरतं. आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं भरपाई म्हणून लावावी लागतात. म्हणजे 40 वर्षांच्या एका पर्जन्यवृक्षाबदल्यात 40 रोपं. हा आकडा ऐकल्यावर निम्म्या सोसायट्या तोडीवरून छाटणीवर येतात, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा झाडाला तेवढंच हवं असतं.

परवानगीचा कागद हाती आला की तीन गोष्टी बघा: झाडांची संख्या, जात, आणि ‘छाटणी’ लिहिलंय की ‘तोड’. सुरुवातीच्या काळात एकदा मी हे न बघता काम केलं. कागदावर दोन नारळ आणि एक आंबा होता. आवारात पोचल्यावर ‘तेवढ्यात हेही घ्या’ म्हणून भिंतीलगतचं जांभूळ दाखवलं गेलं आणि मी दोन जाड फांद्या उतरवल्या. अर्ध्या तासात तक्रार झाली. दाखवणारे गृहस्थ त्या दिवशी फोन उचलेनात, आणि माझी अख्खी दुपार जबाब देण्यात गेली. तेव्हापासून परवानगीतल्या झाडांना आदल्या दिवशी खडूनं नंबर घालतो. तेच नंबर कागदाच्या झेरॉक्सवर लिहून सेक्रेटरींची सही घेतो. त्याबाहेरच्या झाडाला शिडीही टेकवत नाही.

विजेची तार फांद्यांतून जात असेल तर वीज कंपनीला लेखी अर्ज देऊन लाइन बंद करून घ्यावी लागते. ‘वायरमन ओळखीचा आहे’ यावर माणूस वर चढवू नका. आणि चढण्याआधी घरटी बघा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं, अंडी किंवा घरटी हलवणंही येतं. पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी कावळे घरटी करतात त्याच दिवसांत येते, आणि पाऊस सुरू झाला की बगळ्यांच्या वसाहती भरतात. पिल्लं असलेली फांदी मागे ठेवून बाकीचं काम करता येतं. बिल थोडं थांबतं, एवढंच.

हद्दीबाहेर गेलात तर

फार्महाऊसची कामं अलीकडे बरीच येतात, आणि इथे शहरातले ठेकेदार हमखास फसतात, कारण कायदाच बदलतो. ‘महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964’ मध्ये अनुसूचित झाडांची यादी आहे: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, तिवस, अंजन, किंजळ, हळदू, बिजा, ऐन आणि खारफुटी. स्वतःच्या शेतातलं असलं तरी यातलं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि इथला वृक्ष अधिकारी म्हणजे वनखात्यातला, वनपरिक्षेत्र अधिकारी किंवा त्यावरचा. अर्जासोबत सातबारा द्या. त्यावर झाडांची नोंद आहे का, हेही बघून घ्या.

तोडलेलं लाकूड हलवणं हा आणखी वेगळा विषय. साग, खैर, चंदन यांचा ओंडका वनखात्याचा वाहतूक परवाना दिसेपर्यंत टेम्पोत चढवू नका, मालकानं ‘फुकट घेऊन जा’ म्हटलं तरी.

धंद्याचे कागद

हे सोपं आहे आणि बहुतेक घरबसल्या होतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर त्याला एक रुपयाही लागत नाही. सायबर कॅफेवाला हजार मागत असेल तर ते त्याचे आहेत, सरकारचे नव्हेत. नोंदणीत कामाचा एनआयसी कोड, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा सरकारी आकडा, विचारतात. बाग आणि हिरवळीच्या देखभालीचा 81300 आपल्या कामाला लागू पडतो. गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखाली, चारसहा माणसांच्या धंद्याला फक्त ऑनलाइन सूचना पुरते. तिची पावती जपून ठेवा, बँकेत चालू खातं उघडताना तीच मागतात. व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या आवारातलं काम हवं असेल तर ते नंबर विचारतातच.

सोसायटीच्या बिलातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, कापला जातो. एकल मालकी असेल तर ठेकेदाराला 1 टक्का. पॅन दिला नाही तर 20 टक्के. आमच्यातल्या कितीतरी जणांचे हे पैसे सरकारजमा पडून आहेत, कारण विवरणपत्रच भरलेलं नाही.

भांडवलासाठी मुद्रा कर्ज या धंद्याच्या मापाचं आहे. शिशू गटात 50 हजारांपर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत. एक चांगली चेनसॉ (साखळीची करवत), दोर, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) आणि शिडी एवढ्यासाठी शिशूवर थोडी स्वतःची भर घातली तरी भागतं. बँकेला यंत्राचं कोटेशन धंद्याच्या नावावर लागतं, उद्यमचं प्रमाणपत्र लागतं आणि सहा महिन्यांचं खाते विवरण लागतं. जुनी मशीन रोखीत घेतली तर स्वस्त पडते, पण तिचं बिल नसतं, आणि बिल नसेल तर तिच्यावर ना कर्ज मिळत ना विमा.

पालिकेची कामं हवी असतील तर सरकारी निविदांचं महाटेंडर्स पोर्टल, क्लास 3 डिजिटल सही आणि अनुभवाचे दाखले. हे दाखले सोसायट्यांकडून पहिल्या कामापासून लेटरहेडवर मागत जा. तीन वर्षांनी जुन्या सेक्रेटरींना शोधत फिरण्यात काही अर्थ नाही.

माणसं आणि मशीन

कामगार नुकसानभरपाईचा विमा घेतल्याशिवाय माणूस झाडावर चढवू नये, हे माझं ठाम मत. पॉलिसी काढताना ‘माळीकाम’ असं मोघम लिहू नका, ‘उंचीवर चढून झाडछाटणी’ असं स्पष्ट लिहून घ्या. दाव्याच्या वेळी एजंट तोच शब्द शोधतो. त्याशिवाय प्रत्येकाचा पंतप्रधान सुरक्षा विमा: वर्षाला 20 रुपये, 2 लाखांचं अपघात संरक्षण, बँक खात्यातूनच कापले जातात. हार्नेस आयएस 3521 आणि हेल्मेट आयएस 2925 या भारतीय मानकांचं बघून घ्या. हार्नेसवरचा शिक्का शिवणीजवळच्या पट्टीवर असतो. पट्टी कापलेली असेल तर घेऊ नका.

मशीनची देखभालही कागदाशीच जोडलेली आहे. मी शंभर पानी वहीत प्रत्येक चेनसॉचं एक पान ठेवतो: बिल क्रमांक, मशीनचा सीरियल नंबर, चेन बदलल्याची तारीख, प्लग बदलल्याची तारीख. कंपन्यांच्या आवारात सेफ्टी ऑफिसर गेटवरच नोंदी मागतो, तेव्हा ही वही पुढे करतो.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली, आणि तेही मापानं, बाटलीच्या झाकणानं अंदाजे नव्हे. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मिश्रण एका कामापुरतंच बनवा. पावसाळ्यानंतर मशीन पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत चालवून मगच ठेवा. आमच्याकडे दिवाळीनंतर रिपेअरला येणाऱ्या दहातल्या निदान सहा मशीनचा आजार हाच असतो.

चेनची धार गेली हे ओळखायला कापलेल्या लाकडाकडे बघा. धारदार चेन जाड किस फेकते. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा आणि गोल कानस काढा. .325 पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांचं माप) चेनला 4.8 मिमीची कानस. प्रत्येक दाताला सारखे फेरे, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला सहा झाले की मशीन काप तिरका नेते. बोथट चेननं पोरं जोर लावतात, आणि जोर लावताना बारचं, म्हणजे चेन फिरते त्या पात्याचं, टोक कुठे लागतंय याकडे लक्ष राहत नाही. मशीन तोंडाकडे उसळते ती तेव्हाच. चेन झटक्यात थांबवणारा चेनब्रेक रोज सकाळी जमिनीवर तपासा, झाडावर नव्हे.

दोराची गोष्ट वेगळी. नायलॉनचा दोर बाहेरून ठीक दिसतो आणि आतून चुरलेला असतो. बोटांनी पीळ उलगडून आत बघावं लागतं. ज्या दोरानं एकदा मोठी फांदी झटक्यानं झेलली, त्यावर मी माणूस लटकवत नाही. त्याला लाल रंग फासून तो ओंडके ओढायला ठेवतो.

काम संपलं की परवानगीची प्रत, आधीचे आणि नंतरचे फोटो, सेक्रेटरींची सही असलेली नंबरांची झेरॉक्स आणि बिल, हे चारही एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्यावर सोसायटीचं नाव आणि तारीख टाकतो. माझ्या कपाटात असे दोन खण भरलेत. तक्रार आलीच तर बहुतेक वेळा काम झाल्यावर दोनतीन महिन्यांनी येते, पहिलं वादळ होऊन गेल्यावर.